मक्यानंतर हरभरा घेताय? आधी ॲट्राझिन फोडणारे जिवाणू रानात आहेत का, बघा

सिल्लोड, कन्नड, भोकरदनकडे मक्यात ॲट्राझिन मारणारे पुष्कळ आहेत. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू 8 च्या आसपास असतो. अशा जमिनीत हे तणनाशक रासायनिक क्रियेने फार सावकाश फुटते, त्यामुळे बहुतेक भार जिवाणूंवर पडतो. ते कमी पडले तर उरलेले औषध पुढच्या हरभऱ्याला बाधते. जिवाणू काम करतात का, हे घरी कळते. पोळा झाला की सुरुवात करा, दसऱ्यापर्यंत उत्तर हातात येईल.

रानात 8-10 ठिकाणांहून वरच्या 15 सेंमीतली 4 किलो ओली माती घ्या. ती उन्हात वाळवू नका, जिवाणू घटतात. निम्मी माती जुन्या कुकरमध्ये लागोपाठ दोन दिवस पाऊण-पाऊण तास वाफवा (तो कुकर पुन्हा स्वयंपाकाला नको). भोके नसलेल्या चार डब्यांत किलो-किलो माती भरा: दोन कच्च्या, दोन वाफवलेल्या. हातमोजे घालून ॲट्राझिनची 50 टक्के पावडर 1 ग्रॅम, 1 लिटर पाण्यात हलवा. गाळ बसायच्या आत सिरिंजने 2 मिली घ्या, अर्धा पेला पाण्यात मिसळून एका कच्च्या आणि एका वाफवलेल्या डब्यातल्या मातीत नीट कालवा. युरिया टाकू नका. काही जिवाणू ॲट्राझिनमधलाच नत्र खातात, आयता मिळाला की त्याकडे वळत नाहीत. उकळून गार केलेल्या पाण्याने 21 दिवस वाफसा टिकवा, मग काकडीचे 6-6 दाणे टोका.

इथे हमखास चूक होते ती उगवण मोजण्याची. ॲट्राझिन प्रकाशसंश्लेषण अडवते. रोप बियातल्या अन्नावर छान वर येते. दुसरे खरे पान येईपर्यंत थांबा, मग खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात का बघा. औषध टाकलेल्या दोन डब्यांपैकी कच्च्या मातीत रोप हिरवे आणि वाफवलेल्यात करपलेले, म्हणजे जिवाणू कामावर आहेत. दोन्हीकडे करपले तर हरभरा-कांद्याचा धोका पत्करू नका, ज्वारी पेरा. तिला ॲट्राझिन सोसते. औषध न टाकलेल्या वाफवलेल्या डब्यातही रोप पिवळे पडले तर दोष वाफवण्याचा, चाचणी पुन्हा करा.

बोअरच्या पाण्यात हे जिवाणू आहेत का, हे बघायला मात्र प्रयोगशाळाच हवी. मोटर 15 मिनिटे चालवून निर्जंतुक बाटली भरा, बर्फात ठेवून 24 तासांत पोचवा. ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर आधी सांगा. नुसती जनुक-चाचणी पुरत नाही, मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही त्यात दिसतो. ॲट्राझिनने गढूळ केलेल्या माध्यमावर जिवाणूंच्या वसाहतीभोवती स्वच्छ कडे पडते का (म्हणजे ते ॲट्राझिन फोडतात), तेही मागून घ्या. आणि ॲट्राझिनचे अवशेष वेगळे मोजा: पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 2 मायक्रोग्रॅम आहे.