उत्तराला उताऱ्यातील शब्दाचा आधार द्या
आकलनाची उजळणी करताना उतारा दोनदा वाचून झाकून ठेवावा आणि त्याचा आशय स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहावा. ते जमत नसेल, तर उतारा अजून पुरता समजलेला नाही. साहित्याच्या रसग्रहणात मात्र खरा कस लागतो तो न लिहिलेले ओळखताना. ‘तिने दाराला कडी घातली नाही, नुसते लोटून घेतले’ या वाक्यात ती कुणाची वाट पाहत असल्याचे कुठेही म्हटलेले नाही, तरी ‘नुसते’ हा शब्द तसे सुचवतो, आणि उत्तरात तोच शब्द पुरावा म्हणून दाखवावा लागतो. ‘लेखकाने सुंदर वर्णन केले आहे’ हे विद्यार्थ्यांचे लाडके वाक्य काहीच सांगत नाही. अलंकार ओळखल्यावर त्याने अर्थात कोणती भर घातली, हेही लिहावे.