रंकाळ्याची एक फेरी आणि खिशातला कॅमेरा

संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावावर फिरायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण मावळतीचा फोटो काढतो. घरी जाऊन बघावं तर तांबडंलाल आभाळ पांढुरकं झालेलं आणि सूर्याच्या जागी नुसता एक चमकता डाग. माझे सुरुवातीचे कित्येक फोटो असेच आहेत. मध्ये कॅमेराही बदलून पाहिला, त्यानं काही झालं नाही. तीच फेरी पुन्हा पुन्हा मारल्यावर फोटो सुधारले. म्हणून हे सगळं एकाच फेरीभोवती सांगतो. रंकाळ्याच्या जागी तुम्ही तुमचा घाट, टेकडी किंवा भाजी मंडई धरा.

1. फेरी ठरवा, आणि आधी फोटो काढू नका

घरापासून चालत जाता येईल आणि आठवड्यातून तीनदा तरी जमेल, अशी अर्ध्या-पाऊण तासाची वाट निवडा. पहिले दोन दिवस फोन खिशातच राहू दे. ऊन किती वाजता कुठल्या भिंतीवर येतं, कुठल्या झाडाखाली सावली आधी पडते, पाणी कधी चकाकतं, एवढंच बघा.

2. सूर्य कुठे मावळतो ते ओळखा

कोल्हापूरकरांना हे वेगळं शिकवायला नको. अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव 9, 10, 11 नोव्हेंबरला होतो आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारीला. मावळतीचे किरण पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात, ढग आडवे आले नाहीत तर. वर्षातून दोनदाच का? कारण 21-22 डिसेंबरपर्यंत मावळतीची जागा दक्षिणेकडे सरकत जाते, मग परत फिरते, आणि परतताना त्याच जागेवरून पुन्हा जाते. डिसेंबर ते जून हा सरकण्याचा पल्ला आपल्याकडे जवळपास 50 अंशांचा आहे.

याचा उपयोग असा. समजा, सूर्य रंकाळ्याकाठच्या शालिनी पॅलेसच्या मनोऱ्यामागे हवाय आणि आज तो थोडा बाजूला मावळतोय. तो मनोऱ्याकडे सरकत असेल तर आठ-दहा दिवसांनी त्याच जागी या, नाहीतर काठानं शंभर पावलं सरका. हे गणित एकदा कळलं की ‘नशिबानं मिळालेला फोटो’ ही भानगड बरीचशी संपते.

3. फोन हातात घेतल्यावर

लेन्स पुसा. हसू नका. भेळ खाल्लेल्या बोटांचा तेलकट ठसा लेन्सवर असताना मी आख्खी एक संध्याकाळ फोटो काढलेत. सगळे दिवे पिंजलेल्या कापसासारखे आले.

सेटिंगमध्ये जाऊन ग्रिडच्या रेघा चालू करा. आडवी रेघ पाण्याच्या कडेशी जुळवली की तळं एका बाजूला सांडल्यासारखं दिसत नाही. मावळतीला स्क्रीनवर सूर्याच्या शेजारच्या आभाळावर बोट टेकवा. बहुतेक फोनवर तिथंच उजेड कमी-जास्त करायची पट्टी येते, ती खाली ओढा. बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड बहुतेक फोनवर तिथंच पक्के होतात, मग निवांत चौकट बसवा. दोन बोटांनी ताणून झूम करण्यापेक्षा चार पावलं पुढं जा. फोनला दूरची वेगळी लेन्स असेल तर ती जरूर वापरा.

सूर्य बुडाला की गर्दी पाठ फिरवून भेळेच्या गाड्यांकडे वळते. तुम्ही अजून वीसेक मिनिटं थांबा. आभाळ गडद निळं होतं, काठावरचे दिवे लागतात, आणि काही मिनिटं दोन्ही उजेड सारखेच भरतात. माझ्या मते संध्याकाळचा खरा फोटो तेव्हाचा. हात मात्र कठड्यावर टेकवा, नाहीतर हलेल.

4. म्हैस काळी दिसली पाहिजे

कोल्हापुरात फोटो काढायचे तर म्हशी येणारच. धारोष्ण दुधाच्या कट्ट्यावर असतात, आणि दिवाळीत पाडव्याला शिंगं रंगवून, सजवून मिरवणुकीत असतात. गंमत अशी की काळीभोर म्हैस चौकटभर घेतली की फोटोत ती राखाडी येते. कॅमेऱ्याला म्हैस कळत नाही, उजेड कळतो. समोरचं सगळं सरासरी मध्यम राखाडी असावं असं धरून तो चालतो. काळं दिसलं की वाटतं अंधार आहे, म्हणून उजेड वाढवतो. चुन्यानं रंगवलेली भिंत चौकटभर घेतली की नेमकं उलटं होतं, ती मळकी येते.

उपाय सोपा आहे. काळ्यासाठी उजेड कमी करा, पांढऱ्यासाठी वाढवा. कॅमेरा असेल तर साधारण एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. काळसर पाण्यातला एकटा बगळा मात्र यात बसत नाही. तिथं चौकट बहुतेक काळीच असते, कॅमेरा उजेड वाढवतो आणि बगळा चुन्याचा गोळा होतो. तिथं बगळ्यावरच बोट टेकवा आणि पट्टी खाली ओढा.

5. मागं काय आहे?

आजोबांच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला फोटो प्रत्येक घरात एक तरी असतो. बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवा. बहुतेक वेळा एक पाऊल डावीकडे सरकलं की काम होतं. लहान मुलांचे फोटो गुडघे टेकून काढा.

6. विचारा

“मामा, एक फोटो काढू का?” असं मी एकदा एका गवळ्याला विचारलं. “काढ की. पर आधी म्हशीचा काढ,” तो म्हणाला. विचारल्यानं माणूस सावध होतो हे खरं. पण दोन मिनिटं गप्पा मारल्या की तो पुन्हा आपल्या कामाला लागतो, आणि तुम्हाला हवा असतो तो फोटो तेव्हाचाच. मुलांचा फोटो काढायचा तर आईवडिलांना विचारा. घाटावर अंघोळ करणाऱ्यांवर, धुणं धुणाऱ्या बायकांवर कॅमेरा रोखू नका. जमलेला फोटो छापून नेऊन द्या. पुढच्या वेळी विचारावं लागत नाही.

पावसाळ्यात फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पंचगंगेचं पाणी चढत असेल तर घाटाच्या पायऱ्या उतरू नका, पुलावरून किंवा दुरूनच काढा. ढगाळ दुपार वाया गेली असं समजू नका. चेहऱ्यांसाठी तो उजेड फार चांगला, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत.

7. कॅमेरा घ्यायचाच असेल तर

आधी सहा महिने फोनवर काढा. मग जुना, वापरलेला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि 50 मिमी एफ/1.8 लेन्स पुरे. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं आणि उजेड जास्त येतो. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चकती; ती लहान असेल तर ही लेन्स 75-80 मिमीसारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं, त्यामुळे माणसांसाठी छान, अरुंद गल्लीत मात्र अडचणीची. चालत्या माणसासाठी शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, 1/250 सेकंद ठेवा, उडत्या पक्ष्यासाठी 1/1000 किंवा त्याहून जलद.

8. घरी आल्यावर

हललेले आणि डोळे मिटलेले फोटो त्याच रात्री उडवा. चांगल्यांची निवड आठवड्यानं करा, तोवर त्या संध्याकाळची धुंदी उतरलेली असते. एका फेरीचे पाचाहून जास्त ठेवू नका. दर महिन्याला एक फोल्डर करा आणि त्याची एक प्रत हार्ड डिस्कवर टाका. कठड्यावरचा एक दगड ठरवून तिथून दर रविवारी एकच मावळतीचा फोटो काढा, लेन्स आणि चौकट तीच ठेवून. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे ओळीनं लावले की मनोऱ्यापासून सूर्य किती सरकला आणि कधी परतला ते बोटानं मोजता येतं.