अनेक वेधशाळा, एकच वेळापत्रक: या चुका टाळा

रूपविकारी तारा, म्हणजे तेज कमीजास्त होत राहणारा तारा, आपली रात्र संपली म्हणून थांबत नाही. पणजीत उजाडायला लागलं की तोच तारा दक्षिण आफ्रिकेतल्या दुर्बिणीने पुढे बघायचा, मग कॅनरी बेटांवरच्या, मग चिलीतल्या. अशी साखळी आता हौशी गटही जमवू शकतात, कारण त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. निरीक्षणांची आखणी करायला पायथनमधलं ॲस्ट्रोप्लॅन आहे, लक्ष्यांचा आणि निरीक्षणांचा हिशेब ठेवायला टॉम टूलकिट आहे. दोन्ही चांगली आहेत. घोळ होतो तो बहुतेक वेळा आपण भरलेल्या माहितीत.

घोळ दिसला की सर्वांत मोठी चूक होते. कोणीतरी वेळापत्रक हाताने पुढेमागे सरकवतो आणि त्या रात्रीपुरतं भागवतो. कृपया तसं करू नका. आधी वेळापत्रक आणि प्रत्यक्ष यांत फरक किती पडला ते मोजा, कारण बहुतेक वेळा कारण त्या आकड्यावरूनच सापडतं.

फरक किती, त्यावरून कारण

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर कोणीतरी यूटीसी, म्हणजे जगभर एकच धरलेली प्रमाणवेळ, आणि भारतीय वेळ यांची अदलाबदल केली आहे. जवळजवळ दहा तासांचा असेल तर रेखांशाचं चिन्ह तपासा. पणजीचा रेखांश सुमारे ७३.८ अंश पूर्व. ॲस्ट्रोप्लॅन पूर्वेला धन मानतं, काही जुन्या सूत्रांत पश्चिम धन असते. चिन्ह उलटं पडलं की तुमची वेधशाळा थेट कॅरिबियन समुद्रात जाते आणि सॉफ्टवेअर तक्रारही करत नाही.

एका तासाचा फरक, तोही वर्षातले काही महिनेच? मग साखळीतल्या दुसऱ्या देशात उन्हाळ्यात घड्याळ बदलतात. आपल्याकडे ती पद्धत नाही म्हणून आपल्या लक्षात येत नाही. चिली बदलतं, कॅनरी बेटं बदलतात, दक्षिण आफ्रिका बदलत नाही. रोज चार-चार मिनिटांनी वेळ घसरत असेल तर कोणीतरी ताऱ्याची वेळ रोज तीच धरली आहे. तारा दररोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो, महिन्याला दोन तास.

लघुग्रहाने तारा झाकण्याची घटना, म्हणजे पिधान, टिपायची असेल तर सेकंदही मोजावे लागतात. दोन केंद्रांत नेमका १८ सेकंदांचा फरक येत असेल तर एकाने जीपीएसची कच्ची वेळ घेतली आहे. ती २०१७ पासून यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. फरक ६९ सेकंदांचा असेल तर भाकितातली वेळ टीटी या, खगोलगणितात वापरतात त्या मापात होती आणि ती यूटीसी समजून वापरली. पिधान बऱ्याचदा काही सेकंदांतच आटोपतं, त्यामुळे ही चूक झाली तर ती रात्र वायाच गेली.

दोन केंद्रांची मोजमापं जुळवताना कित्येक मिनिटांचा फरक पडतो आणि तो वर्षभर हळूहळू कमीजास्त होतो, असंही दिसेल. तेव्हा एकाने वेळ पृथ्वीवरची लिहिली आहे, दुसऱ्याने सूर्यकेंद्री, म्हणजे सूर्यावरून बघितल्यासारखी. प्रकाशाला सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला ४९९ सेकंद लागतात, म्हणून हा फरक आठ मिनिटांच्या थोडा वर जाऊ शकतो.

वेळ बरोबर, पण तारा चौकटीत नाही? चूक सुमारे २१ कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) असेल तर एकाने ताऱ्याचे २००० सालचे निर्देशांक, म्हणजे आकाशातलं स्थान सांगणारे आकडे, दिले आहेत आणि दुसऱ्याची दुर्बीण आजचे मागते आहे. परांचन गतीमुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलतो त्यामुळे, निर्देशांक वर्षाला सुमारे ५० विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतात, आणि आतापर्यंत ते अंतर पूर्णचंद्राच्या व्यासाच्या दोनतृतीयांशाएवढं झालं आहे. तारा आकाशाच्या भलत्याच भागात निघाला तर विषुवांश (आकाशातला रेखांश म्हणा) तासांत दिला की अंशांत, एवढं बघा. एक तास म्हणजे १५ अंश.

‘बारा तारखेची रात्र’ असं लिहू नका

यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. हिवाळ्यात गोव्यात तेव्हा पुरता अंधार असतो, म्हणजे एकाच रात्रीच्या नोंदी दोन तारखांत विभागतात. ज्युलियन दिवस, म्हणजे खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी, संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे आपली अख्खी रात्र एका आकड्यात बसते. हवाईतल्या केंद्राला मात्र तीच सोय नाही, तिथे तो रात्री दोनला बदलतो. म्हणून प्रत्येक नोंदीत सुरुवातीची आणि शेवटची वेळ यूटीसीमध्ये तारखेसह लिहा आणि स्थानिक वेळ फक्त पडद्यावर वाचण्यापुरती ठेवा.

सॉफ्टवेअरने आपणहून धरलेल्या गोष्टी

ॲस्ट्रोप्लॅनला नुसतं ‘रात्री’ म्हटलं तर सूर्य क्षितिजाखाली गेला की ते रात्र झाली असं समजतं. गोव्यात सूर्यास्तानंतर खरा अंधार पडायला सुमारे सव्वा तास लागतो, तेव्हा खगोलीय संधिप्रकाशाची अट स्वतः घाला. प्राधान्याच्या आकड्यांचंही तसंच. इथे १ म्हणजे सर्वांत महत्त्वाचं. कोणी ‘दहापैकी दहा’ म्हणून १० लिहिलं तर त्याचं सर्वांत निकडीचं लक्ष्य रांगेत शेवटी जातं.

इंटरनेट नसलेल्या जागी, समजा गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावात, ॲस्ट्रोपाय (ॲस्ट्रोप्लॅन ज्याच्या आधारावर चालतं ते) अचानक चूक दाखवून थांबलं तर पृथ्वीच्या परिवलनाची माहिती ३० दिवसांहून जुनी झाली आहे का ते बघा. ती माहिती घरूनच उतरवून न्यावी.

प्रत्येक जागेचं क्षितिज आणि हवामान वेगळं

पणजीच्या किनाऱ्याकडे पश्चिम मोकळी असते, सत्तरीत पूर्वेला सह्याद्री आडवा येतो. दोन्हीकडे ‘२० अंशांच्या वर’ असा एकच नियम लावला तर एका जागी चांगलं आकाश वाया जातं आणि दुसऱ्या जागी दुर्बीण डोंगराकडे बघत बसते. क्षितिजाची उंची दिशेनुसार मोजून प्रत्येक केंद्राची वेगळी फाइल करा. एका संध्याकाळचं काम आहे.

जून ते सप्टेंबर गोव्याला वाटा देऊच नका. टी कोरोना बोरिआलिसचं उदाहरण घ्या, १८६६ आणि १९४६ मध्ये भडकलेला तारा. गोव्यातून तो जवळजवळ ८० अंश उंचीवर चढतो, यापेक्षा चांगली जागा काय मागायची! पण तो संध्याकाळच्या आकाशात असतो नेमका पावसाळ्यात. त्या महिन्यांचा भार इतर केंद्रांवर आहे हे वेळापत्रकात आधीच लिहिलेलं असावं. नाहीतर तेजाचा आलेख भरण्याऐवजी रिकाम्या जागा भरत बसावं लागतं.

न झालेल्या निरीक्षणाची नोंद

माझ्या मते साखळ्या सर्वांत जास्त इथेच तुटतात. ढग आले, वीज गेली, भिंगावर दव धरलं, की माणूस छप्पर बंद करून झोपायला जातो आणि सकाळी कळवतो. तोपर्यंत पुढच्या केंद्राची रात्रही सरलेली असते. सॉफ्टवेअरमध्ये ‘झालं’ आणि ‘बाकी’ एवढ्या दोनच खुणा पुरत नाहीत. ‘सुरू आहे’, ‘अर्धवट’ आणि ‘जमलं नाही’ याही हव्यात, आणि शेवटच्या दोघींसोबत कारण. ढगांमुळे राहिलेलं लक्ष्य लगेच पश्चिमेकडच्या केंद्राला देता येतं. फिल्टर अडकल्यामुळे राहिलं असेल तर त्या केंद्राला रात्रभर त्या फिल्टरचं काम देऊ नये.

वेळापत्रकाची एक्सेल व्हॉट्सॲपवर फिरवू नका. दोन प्रती झाल्या की एकाच ताऱ्यावर तीन दुर्बिणी लागतात आणि दुसरा तारा कोणाच्याच यादीत राहत नाही. प्रत एकच हवी, आणि लक्ष्य घेतलं की तिथेच आपलं नाव लागलं पाहिजे.

एका केंद्राकडून दुसऱ्याकडे तारा सोपवताना निदान अर्धा तास दोघांनीही तो बघावा, त्याच फिल्टरमधून आणि त्याच तुलनाताऱ्यांसह, म्हणजे ज्यांच्याशी तेज ताडून बघतात त्या ताऱ्यांसह. पणजी आणि दक्षिण आफ्रिकेतलं सदरलँड यांच्या रेखांशांत सुमारे ५३ अंशांचं, म्हणजे साडेतीन तासांचं अंतर आहे, त्यामुळे दोघांच्या रात्री एकमेकींवर पुरेशा येतात. हा सामाईक वेळ सॉफ्टवेअर आपणहून ठेवील असं मात्र धरू नका. तो वेगळं निरीक्षण म्हणून हाताने घाला, नाहीतर दोन केंद्रांचे आलेख एकमेकांशी जुळवायला काहीच आधार उरत नाही.