केप कॉडचं घर हिवाळ्यासाठी बंद करताना
केप कॉड या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या समुद्रकाठच्या भागातलं घर उन्हाळ्यापुरतंच वापरत असाल तर कडाक्याची थंडी पडण्याआधी पाइप रिकामे कराच. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं, तांब्याचा पाइपसुद्धा उभा चिरतो. आधी वॉटर हीटरची वीज किंवा गॅस बंद करा, मग पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह. हीटरची टाकी रिकामी करा, सगळे नळ उघडा. वाळूचे पाय धुवायचा अंगणातला शॉवर हमखास राहून जातो, तोही उघडा.

बेसिनखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी मात्र आपोआप जात नाही. तिथे आणि कमोडमध्ये प्लंबिंगसाठी मिळणारं गुलाबी, बिनविषारी अँटीफ्रीझ (थंडीत पाणी गोठू न देणारं द्रव) ओता. गाडीचं चुकूनही नको, ते विषारी असतं. डिशवॉशर आणि वॉशिंग मशीनच्या पंपातही पाणी साचलेलं असतं, तेवढं बघा.