सायकलचा पंप का तापतो? घरी करून बघायची रीत

टायरमध्ये हवा भरून झाली की पंपाच्या बुडाला हात लावून बघा, चांगलाच गरम लागतो. आमच्याकडे मालवणात कुणालाही विचारा, "घासून तापतो" हेच उत्तर मिळेल. घासण्याचा वाटा असतो, पण सगळा नाही. किती असतो ते अर्ध्या तासात तपासता येतं.

पंप उभा आणि लोखंडी नळकांड्याचा घ्या. प्लास्टिकच्या पंपात उष्णता हाताला नीट कळत नाही. खाऱ्या हवेने दांड्यावर गंज धरला असेल तर पुसून काढा आणि दट्ट्याच्या वॉशरला दोन थेंब तेल सोडा. पंप सावलीत ठेवा. अंगणात उन्हात तापलेल्या पंपाकडून काहीच शिकायला मिळत नाही.

आधी नळी टायरला न जोडता दांडा भराभर तीस वेळा खाली-वर करा आणि नळकांड्यावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवा. जी काही किंचित ऊब लागेल ती घासण्याची.

पंप गार होऊ द्या. मग नळी बऱ्यापैकी भरलेल्या टायरला जोडा आणि त्याच वेगाने पुन्हा तीस वेळा मारा. टायर रिकामा नको, कारण त्यात हवा दाबली न जाता नुसती आत सरकते. आता बुडाशी, नळी निघते तिथे, हात लावा. दाबाखाली वॉशर जास्त घासतो हे खरं, पण तेवढ्याने फक्त खालचाच भाग इतका तापणार नाही. हवा दाबली जाते ती तिथेच.

तिसऱ्यांदा तेच, पण अगदी सावकाश. घाई नसल्यामुळे ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि बहुतेक जण ती गाळतात. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. हवा तितकीच दाबली जाते, पण पंप जेमतेम कोमट होतो. सावकाश दाबताना उष्णतेला नळकांड्यातून बाहेर पडायला वेळ मिळतो. झटक्यात दाबली की मिळत नाही. उष्णतेची देवाणघेवाण न होता हवा दाबली जाते, त्याला ॲडियाबॅटिक दाबणं म्हणतात.

पण बाहेरून आच न देता हवा तापते कशी? ओहोटीला किनाऱ्यावर क्रिकेट खेळताना बॅट नुसती धरली तर चेंडू आला तसा परततो. बॅट पुढे नेली तर तो जास्त वेगाने सुटतो. खाली येणाऱ्या दट्ट्यावर आपटणारे हवेचे रेणू असेच वेग घेऊन परततात, आणि रेणूंचा वेग वाढणं म्हणजेच तापमान वाढणं. कष्ट तुमच्या दंडाचे.

आकडा काढायचा तर अंश सेल्सिअसमध्ये २७३ मिळवा. ३० अंशांची हवा म्हणजे ३०३ केल्विन. आकारमान झटक्यात निम्मं केलं तर १.३२ ने गुणा: ४०० केल्विन, म्हणजे १२७ अंश. एक तृतीयांश केलं तर गुणक १.५५, आणि उत्तर १९७ अंशांच्या जवळ. मग हात भाजत कसा नाही? पंपातल्या हवेचं वजन एक ग्रॅमही नसतं. तेवढ्या उष्णतेने लोखंड तापवायचं तर पुष्कळ वेळा दांडा मारावा लागतो.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या लाँचचं डिझेल इंजिन याच जोरावर चालतं. त्यात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा सोळापट दाबली तर कागदावर तापमान ६४५ अंशांच्या आसपास जातं (प्रत्यक्षात गळती आणि थंड भिंतींमुळे कमी), आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलने असं इंजिन १८९७ साली नीट चालवून दाखवलं. इंजिनाच्या दट्ट्याभोवतीच्या रिंगा झिजल्या की दाब गळतो आणि इंजिन सकाळी सुरू व्हायला त्रास देतं, त्याचं कारणही हेच.

उलटंही करून बघा. टायर तासभर सावलीत ठेवा, मग व्हॉल्व्ह मोकळा करून बोट धरा. सुटणारी हवा गार लागते. बाहेर पसरताना ती स्वतःची ऊर्जा खर्च करते. समुद्रावरचा वारा सह्याद्री चढतो तेव्हा हेच घडतं. वर दाब कमी, म्हणून हवा पसरते आणि ढग धरेपर्यंत दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी गार होते. पावसाळ्यात सावंतवाडीहून आंबोलीला निघालात तर दाणोलीपर्यंत घाम पुसत जाता आणि घाटाच्या वळणांवर धुकं थेट गाडीत शिरतं.