भरलेला ट्रक, ८० चा वेग
माल भरला की मी काटा ८० वर ठेवतो. वेग ८० वरून ९० केला की हवेचा रोध जवळपास सव्वापट होतो, आणि तो भरून काढतं डिझेल. २०० किलोमीटरमागे वाचतात जेमतेम १७ मिनिटं. तेवढी एका चहात जातात.

टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा, काटा हिरव्या पट्ट्यात ठेवा. उतारावर न्यूट्रल कधीच नको. गिअरमध्ये असताना पाय उचलला की आजच्या इंजिनात डिझेल तुटतं. न्यूट्रलमध्ये ते जळत राहतं, वर ब्रेक तापतात. प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असतानाच त्यांची हवा बघा.

आता ओव्हरटेक. पुढचा ट्रक ७८ ने, तुम्ही ८० ने. दोघांची लांबी आणि मधलं अंतर धरून ८० मीटर जास्त कापायचे, म्हणजे सुमारे अडीच मिनिटं, तीनेक किलोमीटर! तेवढा वेळ मागची रांग अडते, त्यात रुग्णवाहिकाही असू शकते. म्हणून मी मागेच राहतो, अंतर राखून. आणि मला कुणी ओलांडत असेल तर पाय थोडा उचलतो, तो लवकर आत येतो.