रेस्क्यूला निघताय? आधी या चुका टाळा

जूनचा पहिला दणदणीत पाऊस झाला की "रेस्क्यू टीममध्ये यायचंय, काय करावं लागेल?" अशी विचारणा सुरू होते. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा नवा हार्नेस (कमरेला बांधायचा दोराचा पट्टा) आणि दोन कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या) आधीच घेऊन ठेवलेले असतात. वही आणि पेन्सिल मात्र कुणाकडे नसते. खरं तर पहिल्या वर्षभरात हार्नेसपेक्षा तीच जास्त लागते.

आकडे ऐकले, पण नीट लिहून घेतले नाहीत

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. वाट चुकलेल्या ट्रेकरचा फोन आला की नवखा माणूस विचारतो, "आजूबाजूला काय दिसतंय?" पावसाळ्यात सह्याद्रीत आजूबाजूला धुकंच दिसतं. त्यापेक्षा त्याला मॅप उघडून निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरायला सांगा. अक्षांश-रेखांशाचे आकडे येतात. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे नकाशा कोरा दिसला तरी आकडे मिळतात. ते साध्या एसएमएसने मागवा. लाइव्ह लोकेशनचा हट्ट नको. एका काडीच्या रेंजमध्ये एसएमएस निघून जातो, डेटा मात्र गोल गोल फिरत बसतो.

आता घोळ कसा होतो ते पाहा. समजा हरिश्चंद्रगडाच्या बाजूने १९.३९२० हा आकडा आला. कुणी तो फोनवर "एकोणीस, एकोणचाळीस, वीस" असा सांगितला आणि पुढच्याने १९ अंश ३९ मिनिटं २० सेकंद असा लिहून घेतला. ठिपका सुमारे २९ किलोमीटर उत्तरेला सरकला, थेट कळसूबाईच्या पलीकडे. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईला उतरायची टीम कळसूबाईच्या पायथ्याच्या बारीला उतरणार, आणि हे कळेपर्यंत अंधार पडलेला असणार. "शेवटचे आकडे कशाला हवेत" म्हणून दशांशानंतर दोनच आकडे कळवणारेही भेटतात. चार आकडे घेतले तर चूक दहा-अकरा मीटरच्या आत राहते, दोनच घेतले तर ती किलोमीटरभरापर्यंत जाऊ शकते. कड्याच्या काठावर किलोमीटरभराची चूक म्हणजे माणूस वर पठारावर आहे की खाली कोकणातल्या जंगलात, हेच कळत नाही.

यावर आमची सवय अशी: प्रत्येक आकडा सुटा उच्चारायचा, "दशांश" हा शब्द तोंडाने म्हणायचा आणि ऐकणाऱ्याने सगळं परत वाचून दाखवायचं. मग ठिपका नकाशावर टाकायचा आणि हरवलेल्याला विचारायचं, "सकाळी कुठल्या गावातून चढलात?" गाव आणि ठिपका जुळेपर्यंत कुणी बूट चढवायचे नाहीत. लिहायचं पेन्सिलीने, कारण पावसात शाई पसरते.

याच चुकीचं धाकटं भावंड म्हणजे बॅटरी. हरवलेल्याचा फोन डोंगर संपवत नाही, नातेवाईक संपवतात. आई, मामा, ऑफिसचा ग्रुप, वर एखादा वार्ताहर, सगळे एकामागून एक फोन करत राहतात. टीमच्या एकाच माणसाने बोलायचं आणि घरच्यांना स्पष्ट सांगायचं की तुम्ही फोन करू नका. हरवलेल्याशी वेळ ठरवून घ्या: दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं फोन चालू, बाकी वेळ बंद. आणि जागा सोडायची नाही. "जरा पुढे जाऊन रेंज बघतो" म्हणणाऱ्याला दटावायला संकोच करू नका.

बोलावलं नसताना निघणं

व्हॉट्सॲपवर "मदतीची गरज आहे, तातडीने पोहोचा" असा मेसेज फिरतो आणि दादर-डोंबिवलीहून दोन-तीन गाड्या भरून पोरं निघतात. मेसेज कुणी पाठवला, कधीचा आहे, मदत अजून हवी आहे का, हे कुणी विचारत नाही.

१९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, चढ खडा होता आणि पाऊस थांबत नव्हता. जेसीबी वर नेता आला नाही, त्यामुळे चिखल कुदळ-फावड्याने आणि हातांनी उपसावा लागला. त्या रात्री वर चढताना नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता होते.

अशा ठिकाणी चिंचोळ्या पायवाटेवरूनच सगळं चालतं. पाणी, टॉर्च, अवजारं वर जातात आणि त्याच वाटेने स्ट्रेचर खाली येतं. न बोलावता आलेला प्रत्येक माणूस ती वाट अडवतो. पुन्हा दरड आली तर उतारावर नेमके किती जण आहेत, हे प्रमुखाला सांगता येत नाही. आणि धापा टाकत वर पोहोचलेला माणूस मदतनीस न राहता आणखी एक पेशंट होतो. रोज विरार लोकलला लटकतो म्हणजे दम आहे, असं समजू नका. पाठीवर दहा किलो घेऊन माथेरानची एखादी वाट चढून बघा, मग बोलू.

मुंबईत नाव नोंदवायच्या जागा आहेत: नागरी संरक्षण दल, आपदा मित्र योजनेचं १२ दिवसांचं प्रशिक्षण, आणि डोंगरासाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरशी जोडलेल्या गिर्यारोहण संस्था. नाव नोंदवा, घरी थांबा, बोलावलं की या. घरी थांबायचं म्हटलं की निम्मे गळतात. गळू देत.

"मला दोर येत नाही, मी काय करणार?" असं विचारणाऱ्यांनी स्ट्रेचरचा हिशोब करावा. एका वेळी सहा ते आठ जण उचलतात आणि दर काही मिनिटांनी खांदे बदलावे लागतात. म्हणजे तीन फळ्या, अठरा ते चोवीस माणसं. निसरड्या उतारावर किलोमीटरभर अंतराला तासाहून जास्त लागू शकतो. दोरावर लटकणारे दोघे-तिघे पुरतात, खांदा देणारे कधीच पुरत नाहीत.

कोसळलेल्या इमारतीवर चढणं

१६ जुलै २०१९ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला तेव्हा गल्ली इतकी अरुंद होती की मोठी यंत्रं आत जाईनात. माणसांची साखळी करून राडारोडा हातोहात बाहेर काढावा लागला. अशा ठिकाणी तुमची जागा त्या साखळीत. ढिगाऱ्यावर एनडीआरएफ आणि अग्निशमन दलाखेरीज कुणी चढायचं नाही, कारण तुमच्या वजनाने स्लॅब सरकतो आणि खालची पोकळी बुजते. "शांतता" असा इशारा झाला की हातातली घमेली जिथे आहेत तिथे धरून गप्प उभं राहायचं. तेव्हा खालचा आवाज ऐकत असतात.

पाय अडकलेला माणूस दिसला की "ओढा, ओढा" असा गलका होतो. हे करू नका. स्नायू तासाभराहून जास्त दाबलेला असेल तर वजन एकदम काढल्यावर त्यात साठलेलं पोटॅशियम रक्तात येतं. बोलता-चालता माणूस हृदय बंद पडून जाऊ शकतो, आणि त्यातून वाचला तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. वजन काढण्याआधी सलाईन सुरू व्हावं लागतं. डॉक्टर येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहा आणि तो किती वेळ दबलेला आहे ते घड्याळ बघून लिहून ठेवा.

बाकीच्या, थोडक्यात

जीन्स घालून येऊ नका. भिजली की वाळत नाही आणि गुडघा वाकत नाही.

मोबाईलचा टॉर्च म्हणजे टॉर्च नव्हे. हेडलॅम्प आणि जादा सेल आणा.

हाका मारत सुटू नका. नाव घ्या, शिट्टी वाजवा, मग पूर्ण मिनिटभर गप्प राहा. उत्तर त्या मिनिटात येतं, आणि दरीत आवाज घुमून उलटीकडून आल्यासारखा वाटतो, तेव्हा दोन जागांवरून ऐका.

पडलेल्याला बसतं करू नका, पाणी पाजू नका. मान सरळ धरा आणि वाट बघा.

जखमीचा फोटो काढणाऱ्याला आमच्याकडे पुन्हा बोलावत नाहीत.

पुराच्या पाण्यातून चालला असाल, त्यात पायाला खरचटलं असेल, तर ताप यायची वाट न बघता २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना दाखवा. लेप्टोवरची (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापावरची) गोळी त्यांच्या सल्ल्यानेच घ्या, मित्राच्या डब्यातून नको.

दोर परत आला की साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत सुकवा. उन्हात टाकला तर नायलॉन कमजोर होतो. सुकल्यावर पूर्ण लांबी बोटांमधून सरकवून बघा. कुठे मऊ, चपटं किंवा फुगलेलं लागलं तर तो दोर वापरातून काढायचा आणि वहीत तारीख टाकायची. "अजून एक सिझन निघेल" म्हणणाऱ्याच्या हाती दोराची जबाबदारी देऊ नका.